अंगठा कळसावर

बाबाच्या खुंटांना सातबारा नव्हता.
करंजाच्या बाहेर, सात वाव पाण्याखाली
आजोबांनी ठोकलेले खुंट,
वरून बघाल तर नुसतं मातकट पाणी,
सगळीकडे सारखंच.

कागद उगवतीला होता.
मागे कर्नाळ्याचा अंगठा, पुढे आमच्या देवळाचा कळस.
"आंगठा कलसाव बसला," बाबा सांगायचा,
"का इंजान बंद कर. मंग दक्षिनंला बग.
खांदेरीचा दिवा मांडव्याच्या टोकापासून
बोटभर सुटला, का डोल सोड."
बोटभर म्हणजे बाबाच्या बोटाएवढं.
ते जाडं होतं.
जितेशला एक बोट आणि वर थोडं धरावं लागे.

मला होडीत कुणी नेलं नाही.
मी हे शिकले ओट्यावर, जाळ्याची भोकं सांधताना.
शाळेत बाईंनी विचारलं, सह्याद्रीचा उपयोग काय?
सगळ्यांनी लिहिलं, ढग अडवतो.
मी लिहिलं, मासे सापडतात.
बाईंनी त्यावर लाल रेघ मारली,
अजून आहे ती वहीत.

देवळामागे आधी मिठागर होतं.
मग भराव. मग पत्रे,
पत्र्यांवर रंगवलेला हिरवागार डोंगर,
त्याच्या पायथ्याशी सायकल चालवणारी गोरी मुलगी.
सातवा मजला चढला तेव्हा
समुद्रातून अंगठ्याचं नख तेवढं दिसत होतं.
अकराव्याला तेही गेलं.
त्या दिवशी बाबा आपल्याच खुंटांभोवती
तासभर घिरट्या घालून रिकामा परतला,
आणि आईला एवढंच विचारलं,
"आज धुकं होतं का गं?"
आई वाळवणीवर होती. ऊन तिच्या डोळ्यांत जात होतं.
ती म्हणाली, "असंल."

जितेशने जीपीएस आणला.
आकडे बरोबर असतात. खुंट सापडतात.
मी काही त्याच्याविरुद्ध बोलत नाही,
त्याचे हप्ते मीही भरलेत.
फक्त बाबा अजून नांगर टाकण्याआधी
एकदा मान वळवतो उगवतीकडे,
वीज गेलेली असताना हात बटणावर जातो, तसा.

सोळाव्या मजल्यावरच्या नायरबाईंना
दर बुधवारी ओले बोंबील लागतात.
वॉचमन मला मागच्या लिफ्टने पाठवतो, वासामुळे.
परवा बाई सुटे पैसे शोधायला आत गेल्या
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत,
कढीपत्त्याच्या कुंडीमागे
तो उभा होता.
अख्खा, पायथ्यापासून, जंगलासकट.
ओळखायला मला वेळ लागला.
मी त्याला नेहमी कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला ऐकला होता.

"हिल व्ह्यूचे चार लाख जास्त घेतले," बाई आतून म्हणाल्या,
"आणि ओट्याची फरशी बघ, वर्षात तडकली."

मी वळले.
हॉलच्या पलीकडच्या काचेतून समुद्र,
त्यावर सतरा-अठरा ठिपके.
आपली होडी कुठली ते रंगावरून कळेना.
मग मी सोफ्याच्या कडेने एक पाऊल डावीकडे सरकले,
अजून अर्धं,
अंगठा पाठीच्या कण्यावर घेतला,
खाली कळस बुटाच्या टोकाशी,
आणि समोर बघितलं.
त्या रेषेवर एकच ठिपका होता.

फोन लावला. आधी इंजिन ऐकू आलं, मग तो.
"कुठं हायस?"
"खुंटाव. का गं?"
"बाबा, तुझ्या आनि आंगठ्याच्या मधी मी उभी हाय."

पलीकडे इंजिन बंद झालं.
लाटा फळीवर आपटत होत्या.
बराच वेळ तेवढंच.
मग तो म्हणाला,
"मंग जरा बाजूला सर."

आणि मी सरले, खरंच.
बाईंच्या पांढऱ्या फरशीवर
पिशवीतलं पाणी ठिबकून ओघळ गेला होता
थेट खिडकीपर्यंत.
फडकं कुठे असतं, ते मी विचारलं.