उभ्या बाटल्या

सोमवारी सकाळी साडेसहाला
हॅलिफॅक्सच्या उतारावर, 'शटल' पबच्या मागच्या दाराशी
मी काचेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा असतो.
वरच्या खिडकीतून मॉरीन ओरडते,
"ब्राऊन वेगळ्या काढून ठेवल्यात रे, क्रेटमध्ये!"
आणि खिडकी लावून घेते.
बदल्यात दर घाण्यातल्या सहा तिच्या.

तपकिरीच हव्यात.
हिरवी काच देखणी, पण उजेडाला घरात घेते,
आणि उजेड लागला की बिअरला
जळक्या रबराचा वास सुटतो.
पांढरीचं तर नावच नको.
फिरकीच्या झाकणाचीही नको:
तिच्या ओठावर आटे असतात,
पत्र्याचं बूच तिथे बसल्यासारखं दाखवतं
आणि रात्रभर हळूहळू श्वास सोडत राहतं.

हे सगळं शेजारच्या क्लिफर्डकडून.
गालिच्यांच्या गिरणीत फिटर होता, आता गुडघे गेलेत.
बाटली घेतली की आधी तोंडावरून नख फिरवतो,
कपचा लागला तर न बोलता बाजूला.
एकदा साखर जास्त पडली होती त्याच्याकडून.
"पहाटे तीनला तळघरात अकरा फुटल्या.
एडिथला वाटलं, बॉयलर गेला."
एवढंच सांगितलं. एडिथबद्दल पुढे काही नाही.

बाथटबमध्ये धुण्याचा सोडा, कढत पाणी,
चव्वेचाळीस बाटल्या बुडबुडत खाली जातात.
तासाभराने लेबलं वर तरंगतात:
एक रानडुक्कर, दोन गलबतं, दाढीवाला बिशप.
काहींचा डिंक मेला तरी सुटत नाही,
त्यांना सुरी, काथ्या आणि शिव्या. मराठीत.

बुचं हडर्सफील्डहून आणतो, शंभराचं पाकीट,
सव्वीस मिलिमीटर, सोनेरी.
एकदा बेल्जियमच्या जाड्या बाटल्या फुकट मिळाल्या
म्हणून हुरळलो; त्यांना एकोणतीसचं बूच लागतं.
अजून जिन्याखाली आहेत, बोडक्या.
कॅपरचे दोन दांडे एकदम खाली दाबायचे:
कट्.
बरोबर बसलं की तो आवाज तळहाताला कळतो.

आमच्या गावात मतदान झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा.
दोनच चिन्हं होती, उभी बाटली आणि आडवी बाटली.
दुकान राहू द्यायचं असेल तर उभी.
आई दारोदार फिरली, मी गेरूचा डबा घेऊन मागे.
भिंतीभिंतीवर आडवी बाटली मीच काढली,
पहिल्या दोन लाटण्यासारख्या झाल्या होत्या.
मोजणी झाली, दुकान उठलं.
त्या रात्री आमच्या घरात
ताट एकट्या वडिलांचंच झाकून राहिलं.

काल व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली,
"मागे रांगेत काय आहे रे?"
"रिकाम्या बाटल्या, आई."
"रिकाम्या आहेत ते दिसतंय. उभ्या का?"

बिअर बाटलीत उतरवायला मी शिकलोय,
आईला कुणालाच जमलेलं नाही.
म्हणालो, "आडव्या ठेवल्या तर गाळ गळ्याशी येतो.
उभ्या राहिल्या की तळाला बसतो, वरचं नितळ."

ती गप्प. तिकडे कुकरची शिट्टी झाली,
तिने गॅस बारीक केला, परत येऊन बसली.
"तुम्ही दोघंच पिता?"
"मी, क्लिफर्ड. पबवाली बाई."
"तो गुडघ्याचा म्हातारा?"
"तोच."
"हं."

मग चष्मा वर सरकवून, स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन,
"वाजवून घेतल्यास का?"
"काय?"
"मडकं घेताना काय करतो आपण?"

मी फोन फळीवर टेकवला
आणि बोटाच्या पेराने एकेक वाजवत गेलो.
टण्. टण्. टण्. टण्.

"थांब," ती म्हणाली.
"तिसरी परत वाजव."