एकतीस मार्चच्या आत

अर्जातला शेवटचा रकाना: ‘संशोधनाचा अपेक्षित उपयोग.’
मी लिहिलं, विश्वामित्रीत किती श्वास उरलाय
ते कळेल.
दलाल मॅडमनी ‘श्वास’भोवती लाल गोल काढला,
बाजूला लिहिलं: विरघळलेला ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटर.
मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या,
चुकलेलं नाहीये गं. पण समितीत श्वासाला पैसे मिळत नाहीत.

मागितले अडतीस हजार चारशे.
घासून बसवलेल्या बुचांच्या बाटल्या, चोवीस.
मँगनीज सल्फेट, अझाइड, स्टार्च. बर्फाची पेटी.
रिक्षा: भीमनाथ पूल, काळा घोडा, मुंजमहुडा,
आठवड्यातून दोनदा, ऑक्टोबर ते जून.
प्रवासखर्चाचं समर्थन द्या, म्हणाले.
दिलं: नदी प्रयोगशाळेत येत नाही.
(पुरात येते. ते वाक्य खोडलं.)

‘संभाव्य धोके’मध्ये लिहिलं: मगरी.
‘उपाय’मध्ये: लांब दोरी.

बाबांनी विचारलं, हा पगार की बक्षीस?
म्हटलं, अनुदान.
म्हणजे गॅसच्या सबसिडीसारखं?
तसंच. सिलिंडर आधी आपण आणायचा.
ते हसले नाहीत. पाकिटातून दोन हजार काढून
टीव्हीवर ठेवले, आणि बातम्या लावल्या.

तर ऑक्टोबर आमच्या पैशांचा.
नोव्हेंबर माझ्या दोन शिकवण्यांचा.
डिसेंबरात हेमांगनं पेटी उचलली, सेव-उसळीच्या बोलीवर,
आणि बादली इतकी धपकन टाकली
की मी पुलावरूनच ओरडले:
हळू! बुडबुडे गेले तर आपण हवाच मोजू.

रात्री प्रयोगशाळेत रमणभाई किल्ल्या वाजवत उभे,
आणि मी ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून.
स्टार्च घातला की पाणी गर्द निळं.
मग थेंब. थेंब. ढवळ. थेंब.
अचानक काहीच नाही, बाटलीपलीकडचा रमणभाईंचा शर्ट दिसतो.
तो आकडा वहीत.
चार पूर्णांक दोन. तीन पूर्णांक सहा.
फेब्रुवारीत काळ्या घोड्याखाली, एक पूर्णांक एक.
दोनदा केलं. तिसऱ्यांदाही केलं.

चोवीस मार्चला पत्र आलं.
मंजूर: बारा हजार फक्त.
खर्च एकतीस मार्चच्या आत, तीन कोटेशनांसह.
मागील बिले ग्राह्य धरली जाणार नाहीत.

नदीचा एप्रिल, नदीचा मे
त्या सात दिवसांत कसा कोंबायचा,
हे विचारायला लेखा विभागात गेले.
ठाकोरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
चहा मागवला. म्हणाले,
बेन, पाणी विकत घेता येत नाही. बाटली घेता येते.

बाटल्या घेतल्या. चोवीस नाही, साठ.
मी गेल्यावरही कुणीतरी पुलावर उभं राहील म्हणून.
पेटी घेतली, झाकण नीट लागणारी.
उरले दोनशे चौदा; ते परत केले,
व्याजाचे सात रुपये वेगळ्या चलनानं.
चलन भरायला रिक्षाला गेले ऐंशी.

एकतिसाव्या संध्याकाळी पुलावर थांबले, उगाच.
खाली मगर. नाकपुड्या तेवढ्या वर.
तिला नदीतल्या ऑक्सिजनचं काही नाही,
ती आपला वरून घेते.
मासे अर्ज कुणाकडे करतात कोण जाणे.

आता मे.
शीर्ष नाही, मंजुरी नाही, हेमांग अहमदाबादला नोकरीवर.
नव्या बाटलीत रसायन सोडलं,
तपकिरी गाळ धरायला हवा होता,
धरला जवळजवळ पांढरा.
निळाई इतकी पुसट आली
की आठव्या थेंबालाच गेली.

शून्य पूर्णांक चार.
रमणभाई म्हणाले, लाइट बंद करू?
म्हटलं, थांबा. अजून एक बाटली आहे.