लाईनवर थांबा

फोनच्या पडद्यात डॉक्टरीणबाईंचं बोट पुरेना.
डोळ्यांना फिरायला रुंदी हवी, म्हणाल्या,
म्हणून घरातल्याच दोन खुणा धरल्या:
डावीकडे गॅस एजन्सीचं कॅलेंडर,
उजवीकडे विजेचा मीटर.
मान हलवायची नाही. नुसती बुबुळं.
मी टेबलावर टकटक करते, त्या लयीत,
आणि तो दिवस मनात धरून ठेवा.

मी घणसोलीच्या पालिका शाळेत, पहिलीला.
शाळेला कुलूप लागलं आणि आम्हाला
वॉर रूममध्ये फोनवर बसवलं.
सवयीने पट्टी घेऊन रकाने आखले,
नाव, वय, पत्ता, ऑक्सिजन किती,
शेवटी बेड.
तो रकाना पानामागून पान कोराच.

हरिश्चंद्र मढवी, एक्कावन्न, तळवली गाव.
ब्याऐंशी, म्हणाले. मग स्वतःच, नाही, एकोणऐंशी.
चुकलेलं गणित खोडून परत सांगावं तसं.
मी म्हटलं, लाईनवर थांबा.
थांबले.
दुसरा फोन वाजत होता
म्हणून मीच ठेवला.

कॅलेंडर. मीटर. कॅलेंडर. मीटर.
टक. टक.
नेट अडकतं, बाईंचा चेहरा गोठतो,
डोळे मात्र चालूच,
अक्षराखाली बोट धरून वाचणारी
माझ्या वर्गातली दीक्षिता
ओळ संपली तरी भिंतीवर वाचत जायची, तसे.

काय येतंय?
फोन ठेवल्याचा आवाज.
बरं. तिथेच जा परत.
टक. टक.
आता?
आता कोंबडा.
त्यांच्या मागे कोंबडा आरवत होता,
भर दुपारी, खुळ्यासारखा.
हे मला आठवतच नव्हतं.
मला हसू येतं, मग नुसतं पाणी.

शून्य ते दहा, आता त्रास किती?
सुरुवातीला नऊ सांगितला होता.
सहा, म्हणते.
छान, म्हणतात बाई.
इथे आकडा उतरला की शाबासकी.
मी पदर तोंडाशी धरते.
हेही सांगायला हवं होतं त्यांना,
पण पाऊण तास संपत आलेला.

ठेवू का मग?
थांबा ना, म्हणते मी, जरा लाईनवर.
त्या थांबतात.
दोघींपैकी कुणीच काही बोलत नाही.
कॅलेंडरवर अजून एप्रिल आहे.
मीटरचा लाल दिवा
लुकलुकतो.