पाच इंच

ल्युसिअन थिबोडो अठ्ठावीस वर्षं
एकाच खिडकीकडे बघत आला.
काचेवर काळ्या रंगाची आडवी रेघ.
ती नळीच्या पोटात सावली होऊन उतरते
आणि जिथे थरथरते तिथे नळी वाकडी.
मग हातोडीचा एक ठोका. पुन्हा डोळा. पुन्हा ठोका.
यंत्राला हे जमत नाही असं नाही,
पण पेक कंपनीच्या कॅटलॉगात अजून छापतात:
डोळ्याने तपासलेली.
तो डोळा म्हणजे ल्युसिअन.

व्हर्मांटच्या या खोऱ्यात ज्याच्या त्याच्या दारामागे
आमची एक रायफल उभी असते
छत्रीसारखी, नोव्हेंबरची वाट बघत.
आणि तीच तर अडचण.
मोडत नाही मेली.
आजोबांची नातवाला पुरते,
आणि नातू हरणामागे जातच नाही आताशा.

मार्चमध्ये हॅडली पेक खाली शॉपमध्ये आला,
फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं पिस्तूल घेऊन.
म्हणाला, आता हे करायचं.
शंभराहून जास्त वर्षांचा नमुना,
हक्क कधीच सरलेले,
ज्याच्याकडे लेथ आहे तो हेच करतो,
टेक्सासात, मनिलात, तुर्कस्तानात,
कोणी मुलामा चढवून, कोणी भांड्याच्या भावात.
वरातीमागून घोडं, मी पुटपुटले.
त्याला ऐकू गेलं.
"वरात अजून संपलेली नाही, नोएला," म्हणाला,
आणि आमच्या पगाराचा आकडा
आमच्याहून त्याला जास्त पाठ होता.

ल्युसिअनने नवी नळी तळव्यावर घेतली,
रस्त्यात सापडलेलं कोणाचं तरी पेन घ्यावं तशी.
"पाच इंच.
हिला वाकायला सवड कधी मिळणार?"

मग त्याला स्लाइड बसवायला दिलं.
तेल, घासायची पेस्ट, पुढे मागे, पुढे मागे,
दोन पोलाद एकमेकांना ओळखेपर्यंत.
घरी जाताना त्याचे हात राखाडी असायचे
आणि डोळ्यांना दिवसभर काही काम नसायचं.
रायफलीच्या दस्त्यांतून उरलेले अक्रोडाचे तुकडे
आम्ही हिवाळ्यात स्टोव्हमध्ये घालायचो.
आता त्यांच्या मुठी होऊ लागल्या.
त्या हिवाळ्यात शॉप गार होतं.

जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात
आमच्या ओळीत एकोणीस टेबलं,
एकोणीस टेबलांवर तेच पिस्तूल.
जुळ्यांच्या जत्रेत
आपलंच पोर हाक मारूनही सापडू नये, तसं.
वर आमची पाटी: रायफलवाल्यांचं पिस्तूल.
एका माणसाने उचललं, स्लाइड ओढली,
कानाशी नेऊन पुन्हा ओढली, खरबूज निवडावं तसं.
"छान आहे. पण रायफलवाल्यांचं म्हणजे काय?"
हॅडली खूप बोलला.
घट्ट बसणी, अक्रोड, तीन पिढ्या.
मी बाजूला उभी राहून मनात मोजत होते:
रायफल दरीपलीकडचं विचारते,
वारा विचारते, थांब म्हणते, श्वास धर म्हणते.
हे विचारतं फक्त टेबलापलीकडचं.
तो माणूस दोनशे चाळीस नगांची ऑर्डर देऊन गेला.

बरं झालं. खोटं कशाला बोलू,
माझ्या छपराचं काम त्याच पैशांत झालं.

पण फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी
सगळे गेल्यावर ल्युसिअन जुन्या जागी बसला.
सवयीने एक नळी खिडकीकडे धरली.
लांब नळीतून त्याला आयुष्यभर दिसलं
ते नाण्याएवढं उजेडाचं भोक आणि एक रेघ.
या नळीत रेघ सापडेना.
खिडकी होती, पार्किंगमधला बर्फ होता,
आणि मी मधे आले, कोट चढवत,
तर मी होते:
कपाळ, एक डोळा, हसायला निघालेलं तोंड.

त्याने नळी खाली ठेवली,
फडक्याने झाकली,
आणि विचारलं, बाहेर फार गारठा आहे का.