रिकामी सुई

एकतीस वर्षं मी गावाचं पाणी सोडलं.
पहाटे चारला टाकीखालचा वॉल्व्ह,
आधी वरचा मोहल्ला, मग विहाराकडची लाइन,
मग पोड. तिकडं चढ आहे, पाऊण तास जास्त.
कोणाच्या नळाला कधी धार लागते
हे मला बोटांनी कळायचं,
चाकाच्या अडीच आट्यांत.

मग एका मार्चअखेर
ग्रामपंचायतीनं शाल दिली, नारळ दिला,
आणि टाकीवर टायमर बसवला.
तो चुकत नाही. त्याला ताप येत नाही.
पोडावर पाऊण तास जास्त,
हेही कोणीतरी त्याला शिकवलं.
मीच शिकवलं.

हात मात्र चारलाच उठायचा,
अंधारात उशीचा कोपरा धरून
अडीच आटे फिरवायचा.
बायको म्हणायची, झोपा आता.
मी वर बघत छपराचे कवेलू मोजायचो.
एका ओळीत बावीस, त्यात चार फुटके.
दुसऱ्या दिवशीही बावीसच.

मे महिना. पऱ्हाट्यांच्या गंजीआड सावली शोधत
कुत्रीसुद्धा बोलेनाशी झालेली.
परबताबाई ओसरीवर, मांडीवर वाकय,
एका हातात सुई, एका हातात दोरा,
दोघांची भेट काही होत नव्हती.
शाळेत जाणारी पोट्टी थांबवून ती ओवून घ्यायची.
सुट्टी लागली आणि गल्ली ओस पडली.

"कोन जाते वं?"
"मी. शालिक."
"पानीवाला? ये बरं बाप्पा,
एवढा दोरा घालून दे."

मलाही कुठं जमलं पहिल्यांदा.
दोरा ओला केला, पिळला, चुकला,
परत ओला केला.
सुईचं भोक म्हणजे केवढी गोष्ट,
आणि ते पार झाल्यावर
छातीत जे झालं
ते एकतीस वर्षांत फक्त उन्हाळ्यात व्हायचं,
पोडावरून कोणीतरी ओरडलं की,
"आलं गा पानी!"

मग रोजच.
दहा सुया, दहा दोरे,
लाल चिंधीत टोचून ठेवायचो, दिवसभराची बेगमी.
हिरवा घातला तर म्हणायची, निळा पाहिजे होता.
निळा घातला तर, हा काय निळा हाये?
एकदा विचारलं, वाकय कोणाची?
"आता काय मालूम?
ज्याच्या घरी लेकरू येईन, त्याची."
मागच्या वर्षी तीन शिवल्या होत्या,
एक तर अशा घरी
जिथं ती नऊ वर्षं बोलत नव्हती.

पोळ्याच्या आधी वर्ध्याहून शिबिराची गाडी आली
आणि परबताबाई हिरवी पट्टी बांधून परतली.
महिन्यानं पट्टी गेली, काळा चष्मा गेला,
सगळं गाव सांगत सुटलं,
बुढीला आता चावडीवरची पाटी वाचता आली असती,
वाचता येत असतं तर.

मला आनंद झाला. खरंच झाला.
मी दोन दिवस तिकडं गेलो नाही.
कवेलू मोजले.

तिसऱ्या दिवशी नात दारात, धापा टाकत:
"आजीनं बलावलं. आत्ताच्या आत्ता."

ओसरीवर चिंधी पसरलेली.
नऊ सुया, नऊ दोरे, ओवलेले, सरळ,
माझ्यापेक्षा बऱ्या गाठी.
दहावी रिकामी.

"काहून रे आला नाई?
काम अडून हाये माह्यं.
मले दिसत नाई ना."

मी सुई घेतली.
दोरा ओला केला, पिळला.
ती माझ्याकडं बघत होती,
नव्या, ओल्या, लबाड डोळ्यांनी.

"अन् जाताना त्वांड पूस," ती म्हणाली,
"मिशीले पिठलं लागलं हाये.
डाव्या बाजूनं."