एक घर रिकामं

स्विंडन, रात्रीचे पावणेदोन.
खाली वर्तुळाच्या चौकात ब्रेडची गाडी
दुसऱ्यांदा फिरतेय. वाट चुकली असेल.
पडद्यावर माझं नेटवर्क कार्ड, जे मुळात नाहीच,
पाकिटं गिळून गप्प.

घरं दोनशे छप्पन्न, मॉर्वेनाने सांगितली तेवढीच.
दोनाचा घात असला की
वळणावर भागाकार करावा लागत नाही.

तरी पाहुणा लिहितो ते यजमानाला दिसेना.
रचना साठाव्या बाइटवर सुरू होत होती
आणि यजमान पाय ठेवतो
फक्त चौसष्टच्या पायरीवर.
मध्ये चार बाइट भरले,
नुसती शून्यं, भिंतीत कोंबलेल्या चिपांसारखी.
पाकिटं धावली.

मग रहाट पुन्हा अडला.
लिहिणारा वाचणाऱ्याच्या पाठीला टेकलेला:
सगळं भरलंय की सगळं संपलंय?
आकडा दोन्हीचा एकच.

मॉर्वेना कंपनी सोडून कार्डिफला गेली.
तिची एक ओळ होती इथे:
‘शेवटचं घर मोकळं ठेवा, विचारू नका.’
गुरुवारी मीच पुसली,
जागा वाया जाते म्हणून.

ओळ परत लिहिते.
‘विचारू नका’ तेवढं गाळते.
गाडी तिसऱ्यांदा आली.