निबर

कुह्मोच्या शेडमध्ये दिवा मालवून
ताउनो पुंगळीची मान ज्योतीत धरतो.
अंधार लागतो, म्हणतो,
नाहीतर पितळाचा रंग कळत नाही.
बूड परातीतल्या पाण्यात. ते निबरच हवं.

पाच मोसम झालेत या पुंगळ्यांना.
बार उडाला की फुगायचं,
मग साच्यात दाबून घेऊन पुन्हा मापात यायचं.
तडा गोळीनं जात नाही,
मापात येऊन येऊन जातो.

लाल करू? सिर्कानं विचारलं.
नको. लाल म्हणजे मेलं.
निळसर कड सावलीसारखी खाली सरकली
की लगेच सोड.
तिची पहिली बोटांत मेणासारखी चेपली.
तो बोलला नाही. भंगारात टाकली.

वाकवलेली तार आत घालून
तो बुडाजवळची खाच चाचपतो,
दातातली कीड शोधावी तसा.
ही गेली. हीसुद्धा.

भावाशी अकरा वर्षं बोलणं नाही.
एल्कच्या मोसमात दोघे
एकाच दलदलीच्या दोन टोकांना बसतात.

परातीत चर्र झालं.
काकाच्या रायफलचं मापही हेच ना?
सिर्का सहज म्हणाली.

बराच वेळ नुसती ज्योत फुरफुरत राहिली.
मग त्यानं वीस मोजून बाजूला ठेवल्या,
मऊ मानेच्या.